मनाँग म्हणजे दादा

कॅलिफोर्नियात डेलानोला गेलो तो द्राक्षमळे पाहायला. लक्षात राहिले ते १९७४ साली बांधलेले ॲग्बायानी व्हिलेज, वृद्ध फिलिपिनो मजुरांचे निवासस्थान. ही माणसे तरुणपणी आली. बरोबर स्त्रिया मोजक्याच, आणि गोऱ्या मुलीशी लग्नाला १९४८ पर्यंत तिथे कायद्याने बंदी! कित्येक जन्मभर एकटे राहिले. मग त्यांच्या कहाण्या ऐकायच्या कुणी? थोड्याफार संसारी घरांतल्या मुलांनी. ती त्यांना ‘मनाँग’ म्हणत. इलोकानो भाषेत थोरला भाऊ, म्हणजे आपला दादाच की!

१९६५ चा प्रसिद्ध द्राक्षसंप लॅरी इट्लिओंग यांच्या पुढाकाराने याच दादांनी सुरू केला. सीझर चावेझ यांची मेक्सिकन मंडळी आठ दिवसांनी आली. नाव मात्र चावेझ यांचेच झाले. संपात मजूरवस्तीतून हुसकलेल्या म्हाताऱ्यांना उतारवयात छप्पर मिळाले ते या व्हिलेजमध्ये.