चामडी बांधणीची ‘तांबडी कूज’ आणि तेलाचा उपचार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेले इंग्रजी ग्रंथ, नियतकालिकांचे जुने खंड अथवा न्यायालयीन निवाड्यांचे संग्रह ज्यांनी फडताळातून काढून हाताळले असतील, त्यांना बोटांस लागणाऱ्या तांबूस भुकटीचा अनुभव नवीन नसेल. ती भुकटी सदऱ्याच्या बाहीवर उतरते, टिपणवहीच्या पानांवर डाग पाडते, आणि ग्रंथ परत जागी ठेवताना पाठीचा एखादा तुकडा हाती येतो. अशा वेळी जवळपासचे कोणीतरी सांगते, की चामडे कोरडे पडले आहे, त्याला थोडे तेल द्यावयास हवे. हा सल्ला सद्‌हेतूने दिलेला असतो आणि अनेक जुन्या मार्गदर्शक पुस्तकांचा त्याला आधारही आहे. तरीसुद्धा तो बहुतेक प्रसंगी चुकीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे. ते कशामुळे झाले, हे पुढे मांडले आहे.

प्रथम तेलाचे मूळ प्रयोजन पाहू. जनावराच्या कातड्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे असते. कच्चे कातडे ओले राहिल्यास कुजते आणि वाळल्यास फळीसारखे ताठ होते. कमावण्याच्या क्रियेत वनस्पतींच्या साली, फळे वा पाने यांतील टॅनिने या तंतूंमध्ये शिरून त्यांच्याशी बद्ध होतात. त्यामुळे कातड्याची कुजण्याची प्रवृत्ती जाते व त्याचे चामडे बनते. त्यानंतर त्यास तेल किंवा चरबी देतात, ती तंतू एकमेकांवरून सहज सरकावेत म्हणून. तेल हे चामड्याचे अन्न नव्हे, वंगण होय. विहिरीवरची मोट, भिस्त्याची पखाल, घोड्याचे खोगीर, पायांतील वहाण, या साऱ्या वस्तू रोज भिजत, वाकत व वाळत असत. त्यांतील वंगण झिजे आणि ते पुनःपुन्हा भरून काढावे लागे. मोटेस तेल देणारा शेतकरी योग्य तेच करीत होता. फडताळात उभ्या असलेल्या ग्रंथाची स्थिती मात्र वेगळी आहे. त्याचे चामडे केवळ पाठ व पुठ्ठा यांच्या सांध्यापाशी वाकते, तेही वर्षाकाठी चार-दोन वेळा. खोगीर बनविणाऱ्याच्या दुकानातील रीत ग्रंथालयात शिरली, ती हा फरक न पाहता.

(ओघाने एक गोष्ट नोंदवितो. कातड्याची पिशवी शिवून तीत बाभळीची साल, हिरडा व पाणी भरायचे आणि ती टांगून ठेवायची, ही कमावण्याची पद्धत महाराष्ट्रात ढोर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चालविली, आणि कोल्हापुरी वहाणांचे नाव त्या चामड्यावर उभे आहे. ज्यांना चामड्याचे सर्वांत चांगले ज्ञान होते, त्यांना ग्रंथालयापर्यंत पोहोचण्याची सोय दीर्घकाळ नव्हती. साहजिकच ग्रंथांच्या चामड्याविषयी त्यांचे मत कोणी विचारले नाही.)

आता भुकटीकडे वळू. इंग्रजीत या विकारास ‘रेड रॉट’ म्हणतात. आपण त्यास तांबडी कूज म्हणू, जरी यात जिवाणू वा बुरशी यांचा संबंध नाही. १८४३ मध्येच मायकेल फॅराडे यांनी लंडनच्या ॲथेनियम क्लबातील चामड्याच्या नाशाचा संबंध तेथील वायुदीपांतून निघणाऱ्या धुराशी जोडला होता. पुढे लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्‌स या संस्थेने ग्रंथबांधणीच्या चामड्याविषयी एक समिती नेमली. तिचा अहवाल १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. समितीला असे आढळले, की गेल्या ऐंशी-शंभर वर्षांत बांधलेले ग्रंथ त्यांच्याहून कितीतरी जुन्या ग्रंथांपेक्षा अधिक जीर्ण झाले आहेत. वय हे जीर्णतेचे कारण नाही, एवढे यावरून उघड झाले. दोष चामडे बनविण्याच्या नव्या घाईच्या पद्धतींत होता, रंगकामात वापरल्या जाणाऱ्या गंधकाम्लात होता, आणि मुख्यतः टॅनिनांच्या निवडीत होता.

टॅनिनांचे ढोबळपणे दोन गट आहेत. कॅटेकॉल गटातील टॅनिने हवेतील सल्फर डायॉक्साइड अधिक शोषून घेतात, प्रकाशात तांबूस पडतात आणि लवकर मोडतात. पायरोगॅलॉल गटातील टॅनिने, उदाहरणार्थ सुमाकची पाने, या बाबतीत बरीच टिकाऊ आहेत. समितीने ज्या मालास सर्वांत वाईट ठरविले तो ‘पर्शियन’ या व्यापारी नावाने विकला जाणारा, परंतु वस्तुतः आपल्या देशातून, मुख्यतः मद्रासकडून, जाणारा मेंढी-बकऱ्यांच्या कमावलेल्या कातड्यांचा माल होता. तो तरवडाच्या सालीने कमावलेला असे. माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरणारा तो हाच आपला तरवड. त्याचे टॅनिन पहिल्या गटातील. बाभळीची सालही मुख्यतः त्याच गटात मोडते. उलट हिरडा दुसऱ्या गटातील आहे, आणि सह्याद्रीच्या रानांतून तो विलायतेस मोठ्या प्रमाणावर जात असे; तिकडच्या व्यापाऱ्यांत त्याच्या एका प्रतीचे नावच ‘विंगोर्ला’, म्हणजे आपले वेंगुर्ले, असे होते. स्वस्त बांधणीत वापरलेल्या तरवडी चामड्याचे ग्रंथ जहाजांतून परत आपल्याकडे आले, आणि त्यांचीच भुकटी आज आपल्या बोटांस लागते, असे पुष्कळदा असावे.

रासायनिक क्रिया थोडक्यात अशी. कोळशाच्या व वायूच्या ज्वलनातून निघालेला सल्फर डायॉक्साइड चामड्यात शोषला जातो व तेथे त्याचे गंधकाम्ल बनते. हे अम्ल उडून जात नाही, साठत राहते. त्याच्या योगाने कोलॅजनच्या साखळ्यांचे जलविच्छेदन होते, जोडीला ऑक्सिडीभवनानेही त्या तुटतात. लांब तंतूंचे आखूड तुकडे होतात, आणि त्या तुकड्यांनाच आपण भुकटी म्हणतो. ग्रंथाची पाठ नेहमी हवेला व प्रकाशाला उघडी असते, तर पुठ्ठ्यांना शेजारचे ग्रंथ झाकून ठेवतात; म्हणून कूज पाठीपासून सुरू होते. १९३० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये एक दीर्घकालीन प्रयोग सुरू करण्यात आला. सारख्याच चामड्यांत बांधलेले ग्रंथ धुराने भरलेल्या लंडनमधील ब्रिटिश म्युझियममध्ये आणि समुद्रकाठच्या ॲबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवले. लंडनमधील चामड्यांत अम्ल साठत गेले. ॲबरिस्टविथची बरीचशी चांगली राहिली. चामड्यात ज्याची वाढ झाली ते अम्ल होते. कमतरता तेलाची नव्हती.

तरीही तेलाचा उपचार रूढ झाला, आणि त्याला प्रतिष्ठाही मिळाली. ब्रिटिश म्युझियमचे म्हणून प्रसिद्ध असलेले मिश्रण असे होते: जलरहित लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध पदार्थ, सात औंस, सीडरच्या लाकडाचे तेल एक औंस, मधमाश्यांचे मेण अर्धा औंस, आणि हे सारे विरघळविण्यासाठी हेक्झेन अकरा औंस. हेक्झेन झटकन पेट घेतो व त्याची वाफ मज्जातंतूंना अपाय करते, ही गोष्ट निराळीच. अमेरिकेत गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले ‘नीट्स-फूट’ तेल व लॅनोलिन यांचे मिश्रण प्रचारात होते. या मिश्रणांनी चामडे गडद व तुळतुळीत दिसू लागते, हाताला मऊ लागते, आणि करणाऱ्यास समाधान वाटते. परंतु त्यांत अम्ल नाहीसे करणारे काही नाही, आणि तुटलेल्या साखळ्या जोडणारेही काही नाही. १९८० च्या दशकाच्या प्रारंभापासून जतनकार्य करणाऱ्यांत यावर उघडपणे वाद सुरू झाला, आणि आज मोठ्या संग्रहांतून सरसकट तेल देण्याची प्रथा जवळजवळ बंद झाली आहे.

याचा धडा प्रस्तुत लेखकाने पुस्तकातून घेतला नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका विभागीय ग्रंथसंग्रहातील सुमारे चाळीस खंडांना त्याने स्वतःच्या हाताने, ऐन उन्हाळ्यात, लॅनोलिन व नीट्स-फूट तेल चोळले. चैत्र-वैशाखात ते खंड मोठे देखणे दिसत. भाद्रपदात कपाट उघडले तेव्हा पाठींवर पांढरट थर आला होता, शेजारशेजारचे पुठ्ठे एकमेकांस चिकटले होते, आणि तेल आतील कोऱ्या पानांवर उतरून पिवळे डाग पडले होते. जेथे पूर्वी भुकटी होती तेथे काळसर लगदा झाला होता. भुकटी झटकता येत असे. लगदा काढता येईना. मिश्रण ठरल्याप्रमाणेच केलेले होते. चूक निदानात होती. शिवाय आपल्याकडील पावसाळा कोणत्याही विलायती कृतीत धरलेला नसतो. मुंबईत वा कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या पुढे असते, आणि ती सत्तरच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशी धरते. स्निग्ध पृष्ठभाग धूळ पकडतो व त्या धुळीवर बुरशीला आणखी पोषण मिळते.

म्हणून उपचारापूर्वी तपासणी. पाठीवर पांढरे काही दिसले तर ते बुरशी आहे की चामड्यातून वर आलेली चरबी, हे आधी ठरवावे. त्याचा कण काचपट्टीवर घेऊन हलकेच तापवावा. चरबी वितळते, बुरशी वितळत नाही, आणि भिंगाखाली तिचे धागे दिसतात. बुरशी असेल तर खंड वेगळा काढून, वाहत्या हवेत व सावलीत पूर्ण वाळवून, नाका-तोंडावर योग्य मुखवटा बांधून मऊ कुंचल्याने ती झाडावी. उन्हात ठेवू नये. ओल्या फडक्याने पुसू नये.

ओल्या फडक्याविषयीचा हा निषेध तांबड्या कुजीच्या बाबतीत फारच कडकपणे पाळावयास हवा. भुकटी होऊ लागलेल्या चामड्यास पाणी लागले की ते तत्क्षणी काळे पडते आणि वाळल्यावर ठिसूळ होते. हा बदल परतविता येत नाही. आपल्याकडील बांधणीकार दुरुस्तीसाठी गव्हाची खळ लावतात. धडधाकट चामड्याला ती उत्तम, पण कुजलेल्या चामड्याला घातक. खोगिराच्या साबणाचेही तेच. याचे कारण उष्णतेच्या एका कसोटीतून नीट कळते. चामड्याचे तंतू पाण्यात ठेवून तापविले असता एका ठराविक तापमानाला ते एकाएकी आक्रसतात. वनस्पतिजन्य टॅनिनांनी कमावलेल्या नव्या चामड्यात हे तापमान सामान्यतः ७५ ते ८५ अंश सेल्सिअस असते. अतिजीर्ण चामड्यात ते ४० अंशांच्या आसपास येऊ शकते. आपल्या उन्हाळ्यात हे तापमान काही दूर नाही. ओले जीर्ण चामडे उन्हात वाळत घालणे म्हणजे काय, याचा वाचकांनीच विचार करावा.

कुजलेल्या पृष्ठभागासाठी आज सर्वसाधारणपणे हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज, व्यापारी नाव ‘क्लुसेल जी’, हे एक-दोन टक्के प्रमाणात इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून मऊ कुंचल्याने लावतात. पाणी नसल्याने चामडे काळे पडण्याचा धोका कमी असतो. तरी आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर चाचणी घ्यावी, कारण काही रंग अल्कोहोलमध्ये उतरतात. या द्रावणाने चामडे बलवान होत नाही, अम्लही जात नाही. भुकटी जागच्या जागी बांधली जाते आणि ग्रंथ हाताळता येतो, इतकेच. मला या उपचाराची हीच बाजू आवडते, की तो आपल्या शक्तीबाहेरचे काही कबूल करीत नाही.

तेलाला मग मुळीच स्थान नाही काय? आहे, पण लहान. चामडे धड असावे, भुकटी नसावी, आणि वस्तूला खरोखर वाकावे लागत असावे, जसे एखाद्या जुन्या पेटीचा पट्टा किंवा नित्य उघडल्या जाणाऱ्या खंडाचा सांधा. तेथे एकदा, अगदी पातळ हात देण्यास हरकत नाही. जवसाचे तेल मात्र कधीही नको. ते हवेत सुकून कडक होते व चामड्यालाही कडक करते. जेथे पाठ पूर्णपणे गेली आहे तेथे नवीन चामडे घालून बांधणी करावी लागेल. त्या वेळी पायरोगॅलॉल गटातील टॅनिनाने कमावून ॲल्युमिनियमच्या क्षारांची जोड दिलेले चामडे मागावे. अम्लयुक्त हवेत ते सर्वांत चांगले टिकते, असे गेल्या काही दशकांतील परीक्षणांत दिसून आले आहे.

सामान्य विभागीय ग्रंथालयाला यांतील बहुतेक गोष्टी परवडणार नाहीत. परंतु जी परवडते ती सर्वांत उपयोगाची आहे. पेशवे दफ्तरातील कागद पिढ्यान्‌पिढ्या कापडी रुमालांत बांधून ठेवले गेले, आणि कागदांच्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ हेच नाव पडले. भुकटी होणाऱ्या खंडासही तोच आश्रय द्यावा. धुऊन खळ काढलेला कोरा मांजरपाट घ्यावा, खंड त्यात सैलसर गुंडाळावा. धूळ, प्रकाश व शेजारच्या ग्रंथांशी होणारे घर्षण तिन्ही एकदम टळतात. क्रमांक पाठीवर न चिकटविता कापडाला टाचलेल्या चिठ्ठीवर लिहावा. रबरी पट्टा वापरू नये. रुंद सुती नाडीने बांधावे, आणि गाठ ग्रंथाच्या पाठीवर न येता पुढील कडेच्या बाजूस येईल असे पाहावे.