गहुली : तांड्याचे गाव कसे झाले

गाव कसे वसते, हा प्रश्न शहरात राहणाऱ्या माणसाला सहसा पडत नाही. कोणी विचारलाच, तर त्याचे उत्तर ठरलेले असते : नदी होती, काळी जमीन होती, म्हणून माणसे तेथे राहिली. बऱ्याच गावांच्या बाबतीत हे उत्तर बरोबरही आहे. परंतु आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी वस्त्या अशा आहेत की त्यांना हे उत्तर लागू पडत नाही. त्या नदीकाठी नाहीत आणि काळीतही नाहीत. मुरमाड माळावर, जंगलाच्या कडेला, मूळ गावापासून हात राखून त्या बसलेल्या आहेत. आपण त्यांना तांडा म्हणतो. ह्या वस्त्या तेथेच का बसल्या आणि तेथे बसण्याची किंमत आज कोण देतो, एवढेच आम्हाला येथे सांगायचे आहे. त्यासाठी आम्ही पुसद तालुक्यातील गहुली हे लहानसे गाव समोर ठेवतो. ह्या गावाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे; ते गाव कसे झाले हे मात्र थोड्यांना ठाऊक आहे.

प्रथम मुलूख पाहू. जिल्ह्याच्या उत्तरेस व पूर्वेस वर्धा नदी आहे, दक्षिणेस पैनगंगा आहे. मधला प्रदेश उंचसखल, अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या फाट्यांनी चिरलेला. पुसद हे गाव अशाच टेकड्यांच्या कोंडाळ्यात, पूस नदीच्या काठी आहे. ही पूस पुढे पैनगंगेला मिळते. जमिनीखाली काळा कातळ, म्हणजे लाव्हारसाचे थर आहेत. हा कातळ झिजून जी माती झाली ती पावसाबरोबर खाली वाहत गेली आणि नदीनाल्यांच्या काठी साचली; तीच आपली कापसाची काळी. वरच्या माळावर उरला तो मुरूम आणि वीतभर हलकी माती. काळ्या कातळात पाणी साठते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या सडक्या थरात. म्हणून खोलगट जागी विहिरीला पाणी लागते व टिकते. माळावरच्या विहिरी फाल्गुनात तळ दाखवू लागतात. पाऊस कमी पडतो असे नव्हे. वर्षाकाठी सरासरी नऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस ह्या जिल्ह्यात पडतो; पण माळावर पडलेले पाणी माळावर थांबत नाही.

जुन्या कुणबी गावाची मांडणी ह्या भूगोलाला धरून होती. शेतीची ती काळी आणि राहण्याची ती पांढरी, असे दोन शब्द आपल्या भाषेत आहेत. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडत गेल्या, राख-केर साचत गेला आणि घरांखालची जमीन पांढुरकी झाली. म्हणून ती पांढरी. गावाला पाटील होता, बलुतेदार होते, वेस होती, शिव होती. मुख्य म्हणजे सरकारी दप्तरात गावाचे पान होते. मोगलाई असो, निजामाचा अंमल असो की इंग्रजांचा, सारा त्या पानावरून वसूल होई. जुलूम झाला तो त्या पानावरून झाला. आणि हक्क सांगायचा झाला तर तोही त्याच पानावरून.

ह्या गावांच्या मधून बंजारा फिरत होता. त्याचे घर चालते होते. धान्य, मीठ, कापूस, डाळी हे सारे बैलांच्या पाठीवर गोणीत लादून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेणे, हा त्याचा धंदा. त्याला लदेणी म्हणत. लमाण हे नाव लवण म्हणजे मीठ ह्यावरून आले असे सांगतात. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला फ्रेंच जवाहीर तावर्निये ह्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. मोगल सैन्याचे दाणापाणी बंजाऱ्यांनी पोचविले. पुढे मराठ्यांविरुद्धच्या १८०३ च्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीचा भरवसाही त्यांच्याच बैलांवर होता. आजच्या भाषेत बोलायचे तर हे वाहतूक कामगार. रस्ते नव्हते आणि आगगाडी नव्हती, तेव्हा देशाचा माल ह्यांच्या अंगमेहनतीवर हलत होता.

आता विचार करा. हजारो बैल घेऊन चालणारा माणूस मुक्कामाला जागा कोठे निवडील? काळीत नव्हे, तेथे उभे पीक असते आणि पाटील भांडायला येतो. गावात तर नव्हेच. त्याला पाहिजे मोकळा माळ, भोवती गवत, जवळ जंगल, बैलांपुरता एखादा नाला, आणि चहूकडे नजर पोचेल अशी उंच जागा. पावसाळ्यात चिखल होऊ नये म्हणून जमीन मुरमाड पाहिजे, पाणी निचरून गेले पाहिजे. आठ-पंधरा दिवसांच्या मुक्कामाला ही निवड अगदी शहाणपणाची होती. तांड्याचा प्रमुख तो नाईक. त्याच्या हाताखाली कारभारी. भांडणतंटा मिटवायला नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. तांड्याचे नाव नाईकाच्या नावावरून पडे. तांडा हलला की नावही त्याच्याबरोबर हले.

मग आगगाडी आली. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, त्याच साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला, आणि १८६७ पर्यंत रूळ अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ ह्या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तो कापूस बैलाच्या पाठीवरून उतरला आणि गाडीच्या डब्यात गेला. मीठही गाडीने येऊ लागले. एका पिढीच्या आत लाखो बैल आणि त्यांच्यामागची माणसे बेकार झाली. त्यावर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का बसला आणि अनेक भागांत बंजाऱ्यांवर हजेरीची सक्ती आली. हा डाग कागदावरून पुसला गेला तो स्वराज्यात, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. यंत्र आले की जुना कामगार रस्त्यावर येतो, हे आम्ही गिरणीच्या आणि जिनाच्या दारात पुष्कळ पाहिले; त्याआधी शंभर वर्षे तेच ह्या माळांवर घडले होते. फरक इतकाच की त्या कामगाराची दाद मागायला संघटना नव्हती.

चालणे थांबले तेव्हा तांडे जेथे मुक्काम करीत तेथेच बसले. दुसरे जाणार कोठे? खालची काळी आधीच दुसऱ्यांची होती. सरकारलाही पडीत जमीन लागवडीला आणायची होती. वऱ्हाडात १८६५ साली पडीत जमिनींचे नियम झाले आणि ओसाड गावे मुदतीच्या इजाऱ्याने देण्यात आली. आपल्या जिल्ह्यात आजही काही गावांच्या नावापुढे इजारा हा शब्द दिसतो, तो ह्याच काळाची खूण. अशा पडीत रानांवर, जंगलतोड करून, दगड वेचून ज्यांनी शेते केली त्यांत बंजाऱ्यांचा हात मोठा होता.

गहुली ही त्यांतलीच एक वस्ती. चतुरसिंग राठोड हे आपल्या तांड्याचे नाईक. त्यांनी फिरता तांडा येथे स्थिर केला आणि शेती धरली. नाईकपणावरून घराण्याचे आडनावच नाईक झाले. पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ साली वाशीम जिल्हा मोडला, आणि त्याच साली वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ होऊन पुसद त्याला जोडले गेले. पुढे आठ वर्षांनी, १ जुलै १९१३ रोजी, चतुरसिंगांचे नातू वसंतराव ह्यांचा गहुलीत जन्म झाला. त्यांचे प्राथमिक शिक्षण एका शाळेत होऊ शकले नाही. आजूबाजूच्या निरनिराळ्या गावी जाऊन ते करावे लागले. नाईकाच्या सधन घरात ही स्थिती, तर तांड्यातल्या इतर मुलांची काय असेल ते सांगायला नको. हेच वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ ते १९९३ ह्या काळात त्याच खुर्चीवर बसले. एका तांड्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. परंतु गहुली पुढे गेली म्हणून सारे तांडे पुढे गेले, असा समज करून घेणे बरे नव्हे.

जंगल तोडून वस्ती करणे हे काही आपल्याकडचेच नवल नव्हे. जर्मनीत हार्त्स डोंगराच्या पायथ्याशी वेर्निगेरोडे नावाचे गाव आहे. त्यातील ‘रोडे’ ह्याचा अर्थ झाडे तोडून मोकळी केलेली जागा. मध्ययुगात तेथील शेतकऱ्यांनी रान तोडले, आणि त्यांची मेहनत गावांच्या नावात कायमची कोरली गेली. रोडे हा शेवट असलेली अशी गावे त्या भागात पुष्कळ आहेत.

आपल्या तांड्यांचे तसे झाले नाही. बैलांसाठी निवडलेल्या जागी माणसांना कायमचे राहावे लागले, आणि त्यातून तीन अडचणी मागे लागल्या.

पहिली पाण्याची. जो निचरा बैलांच्या मुक्कामाला सोयीचा, तोच संसाराला घातक. माळावरचे पाणी खालच्या काळीत उतरते, खालच्या विहिरींना मिळते. वरच्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन खाली येतात. १९७२ च्या दुष्काळात हे सर्वांना दिसले. त्याच वेळी, वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून आणि वसंतरावांच्या कारकिर्दीत, रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, नालाबांध ही तिची कामे म्हणजे माळावरचे पाणी माळावर थांबविण्याचीच कामे होत. जेथे ती मन लावून झाली तेथे विहिरी उशिरापर्यंत टिकल्या. मजुरी देता देता गावाचा भूगोल सुधारता येतो, हे ह्या कामांनी दाखविले.

दुसरी अडचण दप्तराची. आपल्या शहराचेच उदाहरण घ्या. अकबराच्या आईन-इ-अकबरीत योत-लोहारा असे परगण्याचे नाव आहे. लोहारा गाव आपल्या शेजारी आजही आहे, आणि योताचा महाल तो यवतमाळ झाला. एकदा दप्तरात चढलेले नाव चारशे वर्षे टिकते, ते असे. तांड्याचे नाव मात्र नाईकाबरोबर बदलत गेले आणि महसुली दप्तरात तांडा कोणत्या तरी दुसऱ्या गावाच्या पोटात राहिला. आम्ही बांधकाम मजुरांचे नोंदणीचे अर्ज भरतो तेव्हा ‘गाव’ ह्या रकान्याशी येऊन अडतो. मजूर तांड्याचे नाव सांगतो, रेशनकार्डावर मूळ गावाचे असते, शाळेच्या दाखल्यावर जुन्या नाईकाचे असते. एका कचेरीत तर एवढ्याच कारणावरून आमचे अर्ज परत आले. कागद नुसता कागद नसतो. गावठाणाच्या रेषेच्या आत घर असेल तर त्या जागेवर हक्क सांगता येतो, बाहेर असेल तर पिढ्या गेल्या तरी अतिक्रमणाची भीती राहते. २०२० पासून ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरमालकांना पत्रक देण्याचे काम देशभर सुरू झाले. परंतु मोजणी गावठाणाची. ज्या वस्तीला गावठाणच नाही तिने काय करावे?

तिसरी अडचण कामाची. हलकी जमीन एका पावसाळी पिकापुरती. मग दसरा-दिवाळी झाली की पुसद, उमरखेड, महागाव ह्या बाजूचे तांडे रिकामे होऊ लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि तो ऊसतोडीला निघतो. कोणी पुण्या-मुंबईच्या, कोणी हैदराबादच्या बांधकामावर जातात. म्हाताऱ्यांच्या स्वाधीन घर आणि पोरांची शाळा अर्धवट. आजोबा बैल घेऊन फिरत ते धंद्याचे मालक म्हणून. नातू फिरतो तो कर्जाने बांधलेला. तांडा बसला, पण तांड्यातला माणूस अजून बसलेला नाही, असे आम्ही म्हणतो ते ह्यासाठी.

उपाय नाहीत असे नव्हे. शेजारच्या कर्नाटकाने तांड्यांना महसुली गावाचा दर्जा देण्याचा मार्ग धरला, आणि जानेवारी २०२३ मध्ये कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड येथे पन्नास हजारांवर कुटुंबांना घरजागेची हक्कपत्रे वाटण्यात आली. तेलंगणाने २०१८ च्या पंचायत कायद्याच्या वेळी पाचशेच्या वर वस्ती असलेल्या तांड्यांना स्वतःच्या ग्रामपंचायती दिल्या. आपल्याकडे तांडावस्ती सुधारण्याची सरकारी योजना वसंतरावांच्याच नावाने आहे. तिच्यातून रस्ते, दिवे, समाजमंदिरे होतात आणि ती हवीतच. पण दिव्याखाली उभ्या असलेल्या घराची जमीन कोणाची, हा प्रश्न दिव्याने सुटत नाही. १९६६ च्या महसूल कायद्यात नवे गाव जाहीर करण्याची तरतूद आहे. ठराव, मोजणी, नकाशा आणि पाठपुरावा एवढेच लागते; आणि पाठपुरावा करायला लिहिता-वाचता येणारी माणसे लागतात.

येथेच शहरातील मंडळींशी ह्या विषयाचा संबंध येतो. आपल्या नगरात ज्यांनी भिंती बांधल्या, ज्यांनी जिनात रुई दाबली, त्यांतली कितीतरी माणसे अशाच माळावरून उतरून आलेली आहेत. आपल्यात वकील आहेत, शिक्षक आहेत, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले कारकून आहेत. एकेका तांड्याचे जुने कागद शोधून, त्याचे एक नाव ठरवून, गावठाणाचा अर्ज नीट लिहून देणे हे काम ह्या मंडळींच्या हातचे आहे. बंजाऱ्याने आपली वस्ती स्वतःच्या मेहनतीने वसविली. तिचे पान दप्तरात उघडून देण्याची मेहनत आपण करावी.