दिवा म्हणतो बंद, व्हॉल्व्ह सताड उघडा!

28 मार्च 1979, पहाटेचे चार. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात पाण्याचे पंप थांबले, अणुभट्टीतला दाब चढला आणि तो सोडणारा व्हॉल्व्ह ठरल्याप्रमाणे उघडला. पुन्हा बंद व्हायच्या वेळी मात्र अडकला. नियंत्रण कक्षातला दिवा विझला, म्हणजे व्हॉल्व्ह बंद, असं सगळ्यांनी धरलं. पण तो दिवा 'बंद हो' हा आदेश गेला एवढंच सांगत होता. थेट सरकारी जीआर! आदेश निघाला, अंमलबजावणीचं देव जाणे.

पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर अलार्म वाजले. ते छापणारा प्रिंटर पुढे दोन तासांहून जास्त मागे पडला. दुसऱ्या एका महत्त्वाच्या दिव्यावर देखभालीचं पिवळं लेबल लोंबत होतं. त्यात प्रेशरायझरमधली, म्हणजे दाब सांभाळणाऱ्या टाकीतली, पाण्याची पातळी चढलेली दिसली, म्हणून ऑपरेटरांनी आपत्कालीन पाणीच कमी केलं. गळती थांबायला सव्वादोन तासांहून जास्त वेळ गेला; तोवर अणुभट्टीच्या गाभ्याची वाट लागली होती. त्याचा जवळपास निम्मा भाग वितळला.

योगायोग बघा: 'द चायना सिंड्रोम' हा अणुवीज केंद्रावरचा सिनेमा या अपघाताच्या बाराच दिवस आधी लागला होता. त्यातही पाणी जास्त झाल्याचं खोटंच दाखवणारा काटा आहे!

केंद्रात नेमकं काय बिघडलंय, याचं निदान आता मशीन लर्निंगकडून काही सेकंदांत करून घ्यायचे प्रयत्न चालू आहेत. पण मॉडेलला शिकवायला इतके अपघात आणायचे कुठून? सिम्युलेटरमधून. तिथे रोज पाइप फोडा, स्टीम जनरेटरची नळी फोडा, कुणाचं काही बिघडत नाही.

बरोबर उत्तर देणारं मॉडेल भलत्याच कारणानं बरोबर असू शकतं, ही खरी मेख. 2016 मध्ये 'लाइम' ही मॉडेलच्या उत्तरामागचं कारण शोधणारी पद्धत मांडणाऱ्या संशोधकांनी मुद्दाम वाईट शिकवलेलं एक मॉडेल दाखवलं. फोटोत बर्फ दिसला की ते हस्की कुत्र्यालाही लांडगा म्हणायचं.

म्हणून मॉडेलला 'कशावरून?' हे विचारायचं. 2017 ची 'शॅप' पद्धत प्रत्येक मोजमापाचा निकालातला वाटा काढून देते. तिचं गणित लॉइड शेपली यांनी 1953 मध्ये मांडलं, तेही अणुभट्टीसाठी नव्हे, तर खेळाडूंनी मिळून केलेली कमाई वाटून घेण्यासाठी. अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना 2012 मध्ये मिळालं.

थ्री माइल आयलंडला असं मॉडेल असतं, तर त्यानं बहुधा गळकं पाणी जमा होणाऱ्या टाकीच्या चढत्या दाबाकडे बोट दाखवलं असतं. तो दाखवणारा मीटर होता, पण कंट्रोल पॅनेलच्या मागच्या बाजूला!

शॅपचीही मर्यादा आहेच. मॉडेलनं कोणत्या मीटरवर भिस्त ठेवली ते ती सांगते. मीटर खरं बोलतोय की नाही, हे ऑपरेटरलाच तपासावं लागतं.