बंब, शिंगरं आणि उधाण

कुठल्याही अग्निशमन दलाची मालमत्ता मोजायला बसलं तर बंब, शिड्या, पाण्याचे पाइप, हेल्मेटं आणि फार तर एखादी जुनी पितळी घंटा हाती लागेल. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात शिंकोटीग नावाचं एक छोटं बेट आहे. तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालमत्तेत या सगळ्याच्या जोडीला घोड्यांचा एक आख्खा कळप आहे. हे घोडे बंब ओढत नाहीत. त्यांना ना नाल आहेत ना खोगीर. ते शेजारच्या ॲसाटीग बेटावर खाजणात मोकळे चरतात आणि वर्षाचे बहुतेक दिवस त्यांना मालकाचं तोंडही दिसत नाही. पण मालक तो मालकच. अटलांटिकवर वादळ उठलं की आग विझवणाऱ्या माणसांना आपली तट्टं आठवतात.

या जगावेगळ्या मालकीची सुरुवात आगीत झाली. शिंकोटीग हे मासे आणि कालवं विकून जगणारं गाव. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे दोन मोठ्या आगी लागल्या आणि वस्तीचा बराच भाग जळाला. घरं लाकडाची, वारा समुद्राचा आणि विझवायला धड साधन नाही. १९२४ मध्ये गावकऱ्यांनी स्वयंसेवी दल उभं केलं. पण बंबाला पैसे लागतात. बेटावर एक जुनी चाल होती. वर्षातून एकदा मोकळी तट्टं हाकून गोळा करायची, त्यांतली शिंगरं वेगळी काढायची, खाणंपिणं आणि मजा करायची. या ‘पोनी पेनिंग’चं लेखी वर्णन १८३५ पासून सापडतं. १९२५ मध्ये दलाने त्याला जत्रेची जोड दिली आणि शिंगरं विकून पैसे उभे करायला सुरुवात केली. पुढे कळपच दलाच्या मालकीचा झाला. शंभर वर्षं झाली, हिशेब तोच आहे : शिंगरू विकलं जातं, त्यातून बंबाला तेल मिळतं.

आज जुलैच्या शेवटाकडच्या एका बुधवारी हजारो लोक चिखलात पाय रोवून उभे असतात. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थबकतं ती काही मिनिटांची वेळ साधून घोडेस्वार स्वयंसेवक ॲसाटीगवरचा कळप खाडीत उतरवतात. त्यांना तिथे ‘सॉल्टवॉटर काउबॉय’ म्हणतात, आपण खारे गुराखी म्हणू. तट्टं पोहत पलीकडे येतात, पाचदहा मिनिटांचंच काम. पहिलं किनाऱ्याला लागणारं शिंगरू त्या वर्षीचा राजा किंवा राणी ठरतं. गुरुवारी लिलाव होतो, शुक्रवारी मोठी तट्टं पोहत परत जातात. काही शिंगरांवर लोक हजारो डॉलर मोजतात ते ती घरी न नेण्यासाठी. बोली जिंकणाऱ्याला नाव ठेवण्याचा मान मिळतो आणि शिंगरू कळपात परत सोडलं जातं. पैसे देऊन घोडा न घेण्याची ही पद्धत मला फार आवडते.

कळपाला मर्यादा आहे. ॲसाटीगचा व्हर्जिनियातला भाग १९४३ पासून पक्षी आणि वन्यजीवांसाठी राखीव आहे. दल तिथे चराईचा परवाना घेऊन राहतं आणि त्या परवान्यात मोठ्या तट्टांची संख्या दीडशेच्या वर जाऊ देत नाहीत. त्याच बेटावर राज्यसीमेवर एक कुंपण आहे. पलीकडे मेरीलँडमध्ये अशाच घोड्यांचा दुसरा कळप आहे. तो राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याकडे आहे. तिथे लिलाव नाही, शिंगरांची संख्या आटोक्यात ठेवायला घोड्यांना दुरून गर्भनिरोधकाची सुई मारतात. गवत एकच, वाळू एकच, घोडे एकाच वाणाचे. एका बाजूला ते ‘मालकीचे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वन्य’. वादळाला अर्थातच ते कुंपण दिसत नाही.

हे घोडे आले कुठून? गावातली आवडती गोष्ट बुडालेल्या स्पॅनिश जहाजाची आहे : गलबत फुटलं, घोडे पोहत किनाऱ्याला लागले. इतिहासकारांना जास्त पटणारं उत्तर रुक्ष आहे. सतराव्या शतकात मुख्य भूमीवरच्या वसाहतवाल्यांनी कुंपणाचे कायदे आणि जनावरांवरचे कर चुकवायला आपली गुरंढोरं बेटावर नेऊन सोडली. समुद्र हे फुकटचं कुंपण होतं. २०२२ मध्ये मात्र जहाजवाल्या गोष्टीला अनपेक्षित टेकू मिळाला. हैतीमधल्या एका जुन्या स्पॅनिश वस्तीत सापडलेल्या सोळाव्या शतकातल्या घोड्याच्या दाताचा डीएनए तपासला, तेव्हा आजच्या घोड्यांत त्याचे सर्वांत जवळचे नातलग शिंकोटीगची तट्टं निघाली. यावरून जहाज फुटलं हे सिद्ध होत नाही, पण गावच्या म्हाताऱ्यांना हसायला पुरेसं कारण मिळालं.

आता जमिनीकडे येऊ, कारण वादळात सगळं जमिनीवर ठरतं. ॲसाटीग म्हणजे सुमारे साठ किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा. समुद्राकडे पुळण, मागे वाळूच्या टेकड्या, मध्ये थोडं उंचवट्याचं पाइनचं रान आणि खाडीकडे खाजण. तट्टं जगतात खाजणातल्या खारट गवतावर. त्यामुळे साध्या घोड्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी पितात आणि त्यांची पोटं कायम फुगलेली दिसतात. परगावचे लोक सगळ्याच घोड्या गाभण समजतात. असं बेट एका जागी राहत नाही. प्रत्येक मोठं वादळ समोरची वाळू उचलून मागे टाकतं, आणि बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकत जातं. १९३३ च्या ऑगस्टमधल्या चक्रीवादळाने तर दांडा मधून फोडून ओशन सिटीजवळ नवं मुखच उघडलं. ॲसाटीग वेगळं बेट झालं ते त्या फोडीमुळे.

अशा जागी घोड्याचा मालक वादळात काय करतो? दीडशे अर्धरानटी जनावरं गाड्यांत कोंबून नेणं सोपं नाही. प्रयत्न केला तर वाऱ्यापेक्षा माणूसच त्यांना जास्त इजा करील. म्हणून दलाचं मुख्य काम साधं आहे, आणि ते वादळाआधी करायचं असतं : फाटकं उघडी करायची. वर्षभर कळप कुंपणांनी विभागलेला असतो. वादळाची खबर आली की ही आतली फाटकं उघडतात, सखल भागातल्या तट्टांना उंचवट्याकडे सरकवतात आणि माणसं गावात परत जातात. गावात त्यांची गरज जास्त असते. घराघरांत पाणी शिरणार, झाडं पडणार, म्हातारी माणसं हलवायची असणार.

उरलेलं तट्टं स्वतः करतात. पाणी चढू लागलं की अनुभवी घोड्या पिलांना घेऊन खाजणातून निघतात, पाइनच्या दाटीत जातात आणि कळप गोळा होऊन वाऱ्याकडे पुठ्ठे करून मान खाली घालून उभा राहतो. तासन्तास. पावसाचा मारा पाठीवर घ्यायचा आणि तोंड वाचवायचं ही युक्ती शिकवावी लागत नाही. दाराला कडी लावून पागेत कोंडलेल्या घोड्याला मात्र ती वापरताच येत नाही.

पण या शहाणपणाला हद्द आहे, आणि ती १९६२ च्या मार्चमध्ये दिसली. त्या वादळाला अमेरिकेत ‘ॲश वेन्सडे स्टॉर्म’ म्हणतात. ख्रिस्ती उपवासाचा पहिला बुधवार होता, म्हणून हे नाव. ते चक्रीवादळ नव्हतं. किनाऱ्यालगत आलेलं कमी दाबाचं क्षेत्र उत्तरेकडच्या जास्त दाबाच्या पट्ट्याला अडलं आणि दिवसचे दिवस तिथेच थांबून राहिलं. चक्रीवादळ येतं आणि जातं. हे आलं आणि बसलं. त्यातच मोठ्या उधाणाचे दिवस होते आणि चंद्रही पृथ्वीच्या जवळ होता. कोकणातल्या माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही. तीन दिवसांत लागोपाठ पाच भरत्या आल्या. ओहोटीला पाणी उतरायला हवं, तर वारा त्याला उतरू देईना, आणि त्यावर पुढची भरती चढत गेली. सगळ्या किनारपट्टीवर मिळून सुमारे चाळीस माणसं दगावली. शिंकोटीग गाव जवळजवळ सगळं पाण्याखाली गेलं, कोंबड्यांच्या खुराड्यांचा धंदा बुडाला, लोकांना बेट सोडावं लागलं. ॲसाटीगवर तट्टं मोठ्या संख्येने बुडाली, काही समुद्रात ओढली गेली. गावात पाळलेल्या तट्टांचीही तीच गत झाली. उंचवटा गाठण्याची त्यांची अक्कल बरोबर होती, उंचवटाच पुरला नाही.

त्याच वेळी गावातल्या एका घरात एक घोडी स्वयंपाकघरात उभी होती. तिचं नाव मिस्टी. मार्गरेट हेन्री या लेखिकेने तिच्यावर १९४७ मध्ये लिहिलेली कादंबरी अमेरिकन मुलांच्या दोन पिढ्यांनी वाचली होती, १९६१ मध्ये चित्रपट आला होता, आणि गावच्या थिएटरबाहेर सिमेंटमध्ये मिस्टीच्या खुरांचे ठसे उमटवले होते. १९५७ पासून ती शिंकोटीगमध्ये बीब कुटुंबाच्या कुरणावर होती. मार्च १९६२ मध्ये ती गाभण होती, दिवस भरत आले होते. तबेल्यात पाणी शिरलं, तेव्हा घरच्यांनी तिला आत घेतलं आणि पुढे त्यांनाही बेट सोडावं लागलं. घोडी वाचली. काही दिवसांनी, ११ मार्चला, तिला मेरीलँडमधल्या पोकोमोक सिटीत पशुवैद्यकाकडे मादी शिंगरू झालं. नाव ठेवलं स्टॉर्मी. दुसरं काय ठेवणार?

पुढच्या हिशेबात माझं मन जास्त रमतं. दलाचा कळप विरळ झाला होता. दरवर्षी ज्या शिंगरांनी बंबाचा खर्च भागवला होता, त्यांच्या आयाच गेल्या होत्या. मग दलाने उलटा व्यवहार केला. पूर्वीच्या लिलावांत विकलेली तट्टं मालकांकडून परत विकत घ्यायला सुरुवात केली. त्यासाठीचा पैसा मिस्टी आणि तिच्या लेकीने आणला. ठिकठिकाणी चित्रपटाचे खेळ लावायचे आणि खेळाला आई-लेक स्वतः हजर. हेन्रीने पुढच्याच वर्षी स्टॉर्मीवर पुस्तक लिहिलं. जवळजवळ चाळीस वर्षं घोड्यांनी आग विझवणाऱ्यांना पोसलं होतं, आता एका घोडीने कळप पोसला. मिस्टी १९७२ मध्ये गेली, स्टॉर्मी १९९३ मध्ये. दोघींचीही कातडी भरून ठेवली आहे आणि शिंकोटीगच्या संग्रहालयात त्या उभ्या आहेत. मला स्वतःला पेंढा भरलेला घोडा पाहवत नाही, पण गावाला तो आप्तांच्या फोटोसारखा वाटत असावा.

त्या वादळाने आणखी एक गोष्ट केली. ॲसाटीगच्या मेरीलँडकडच्या भागावर तेव्हा बंगल्यांसाठी हजारो भूखंड पाडून विकले जात होते. बाल्टिमोर बुलेवार्ड नावाचा डांबरी रस्ताही झाला होता. वादळाने रस्ता उखडला, घरं मोडली आणि विकत घेतलेल्या कित्येक भूखंडांवर समुद्र आला. जमिनीचा धंदा कोसळल्यावर तो किनारा राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्याची वाट मोकळी झाली आणि १९६५ मध्ये तसा कायदा झाला. त्या रस्त्याच्या डांबराचे तुकडे अजून वाळूत सापडतात. घोड्यांना बुडवणाऱ्या वादळानेच उरलेल्यांसाठी चराई मोकळी ठेवली, असं म्हणायला जीभ अडखळते, पण घडलं ते असं.

वाळूच्या दांड्यावर घोडे असले की हा धोका टळत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये डोरियन चक्रीवादळाने दक्षिणेला नॉर्थ कॅरोलायनात सीडर आयलंडवर खाडीचं पाणी भिंतीसारखं आणलं. तिथल्या कळपातले अठ्ठावीस घोडे वाहून गेले. त्यांच्याबरोबर गेलेल्या गाईंपैकी तीन मात्र काही किलोमीटर पोहून दुसऱ्या बेटावर जिवंत सापडल्या.

लिलावातून घरी नेलेल्या एकट्या तट्टाच्या मालकाचं गणित वेगळं. त्याला फाटक उघडून मोकळं होता येत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो : हलवायचं की ठेवायचं? हलवायचं असेल तर दोन-तीन दिवस आधी, कारण जोराच्या वाऱ्यात घोड्याची ट्रेलरगाडी उलटते आणि रस्ते तुंबतात. राज्याची सीमा ओलांडायची तर रक्ततपासणीचा दाखला बरोबर लागतो. तो मिळायला वेळ लागतो, म्हणून वादळाच्या मोसमाआधीच तो काढून ठेवतात. ठेवायचं असेल तर नायलॉनची म्होरकी काढतात. फांदीत अडकली तर ती तुटत नाही आणि घोडा तिथेच लटकतो. जनावरांना खुणा करायच्या रंगाने अंगावर आणि खुरांवर फोन नंबर लिहितात, एखादी पट्टी आयाळीत गुंफतात. धनुर्वाताची लस, हौद आणि टबांत साठवलेलं गोडं पाणी, तारा नसलेलं उंच कुरण. तारांचं कुंपण पाण्याखाली गेलं की घोड्याला दिसत नाही. त्यात जखमी झालेल्या घोड्यांची गणती वादळाच्या बळींत कोणी करत नाही.

पूर ओसरल्यावरही गोष्ट संपत नाही. वादळाचं खारं पाणी गोड्या तळ्यांत मिसळतं आणि साचलेल्या डबक्यांत रोग वाढतात. २०१७-१८ मध्ये शिंकोटीगच्या कळपाला ‘स्वँप कॅन्सर’ने गाठलं. नाव कर्करोगाचं असलं तरी तो साचलेल्या पाण्यातल्या बुरशीसारख्या जिवाचा संसर्ग. पायावरच्या साध्या खरचटीतून तो आत शिरतो. सात तट्टं गेली. दलाने संशयित पाणथळ जागांना कुंपण घातलं आणि कळपाला लस टोचली. एरवीही वर्षातून तीनदा कळप गोळा करून पशुवैद्यकाकडून तपासून घेतात.

वादळानंतरची सकाळ दलाची खरी परीक्षा. माणसं बेटावर जातात, कुठे घोड्यावरून, कुठे नावेने, आणि मोजायला लागतात. तट्टं ठिपक्यांवरून, कपाळावरच्या पट्ट्यांवरून ओळखीची असतात, प्रत्येकाला नाव असतं, आणि त्यांतली कित्येक नावं कुणीतरी लिलावात पैसे मोजून दिलेली असतात. एकेका झुडपामागे बघायचं, यादीवर खूण करायची, शिंगराची आई जवळ आहे ना ते पाहायचं. दीडशेची यादी पुरी व्हायला दिवस जातो. एखादं नाव राहिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जातात. फाटकं तोवर उघडीच असतात.