सावलीची धूसर कड

जयपूरच्या त्रिपोलिया बाजारातला हॉर्नचा कलकलाट मागे टाकून जंतरमंतर या वेधशाळेत शिरलं, की आधी नजरेत भरतं ते सम्राट यंत्र हे सूर्यघड्याळ. सुमारे २७ मीटर उंचीची तिरकी भिंत, तिच्यावर पायऱ्या, टोकाला छत्री. भिंतीचा उतार २७ अंशांचा, म्हणजे जयपूरच्या अक्षांशाइतका. त्यामुळे तिची कड थेट खगोलीय ध्रुवाकडे रोखलेली. दोन्ही अंगांच्या संगमरवरी कमानींवर तिची सावली तासाला जवळपास चार मीटर सरकते. सेकंदाला एक मिलिमीटर! जरा टक लावून पाहा, सावली चालताना दिसते.

पितळी यंत्रं लहान असतात, त्यांचे आस झिजतात, केंद्रं ढळतात, ही जयपूरचा राजा सवाई जयसिंग याची तक्रार. म्हणून त्याने दगड-चुन्याची यंत्रं उभारली. १७३४च्या सुमारास ही वेधशाळा पुरी झाली. कमानीवर दोन-दोन सेकंदांच्या खुणा आहेत.

पण सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड रेखीव पडत नाही. काळोख आणि ऊन यांच्यामध्ये वीतभर नाही, तरी बारा-तेरा सेंटिमीटरचा धूसर पट्टा राहतो. वेळेच्या हिशेबात दोन मिनिटं! यंत्र दुप्पट केलं, तर पट्टाही दुप्पट होणार. नुसत्या भव्यतेवर खूश होणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. यावर तोड आहे, तीही काडीमोलाची. एक बारीक काडी दगडापासून बोटभर वर, भिंतीच्या कडेला समांतर धरायची. तिची सावली रेखीव पडते. काडी धूसर पट्ट्यातून सरकवत न्यायची आणि तिची सावली विरते ती जागा टिपायची. मग वेळ काही सेकंदांपर्यंत नेमकी हाती लागते.

ती मनगटावरच्या घड्याळाशी मात्र जुळत नाही. जयपूरची स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटं मागे. शिवाय पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि कललेला आस यांमुळे सूर्यही वर्षभर एका चालीने चालत नाही. हा फरक फेब्रुवारीत ४१ मिनिटांवर जातो, नोव्हेंबरच्या आरंभी दहावर येतो.

जयसिंगाला दुर्बीण ठाऊकच नव्हती, असा एक समज आहे. तो खोटा. दुर्बीण त्याला ठाऊक होतीच, शिवाय युरोपातलं ज्योतिष समजून घ्यायला त्याने पोर्तुगालला माणसं धाडली होती. त्यांच्याबरोबर ला हायर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टकं आली. ती आपल्या वेधांशी ताडून पाहिल्यावर चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची तफावत निघाली, आणि तशी नोंद त्याच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या कोष्टकग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे.