अर्ध्या घरट्याचा प्रश्न



गेल्या पावसाळ्यात बोईसरजवळच्या एका पाड्यावर मी अभ्यासवर्ग घेत होतो. सातवीतला एक मुलगा सारखा विहिरीकाठच्या ताडाकडे पाहत होता. शेवटी त्याने विचारले, "दादा, सुगरणीची काही घरटी अर्धीच का राहतात? पाखरू मेला काय?"

मी म्हणालो, "आधी गणित संपव." खरे म्हणजे मला उत्तर येत नव्हते. त्याने मान खाली घातली आणि पुन्हा काही विचारले नाही. ते मनाला लागून राहिले, म्हणून मी शोध घेतला.

उत्तर आपल्याच किनाऱ्यावर सापडले होते. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी डॉ. सलीम अली यांनी सुगरणींची वसाहत दिवसचे दिवस निरखली. घरटे विणतो तो नर. ते अर्धे झाले की तो पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादीला घरटे पसंत पडले तर तो ते पूर्ण करतो आणि मग दुसरे विणायला घेतो. नापसंत घरटी तशीच लटकत राहतात.

हेच सलीम अली दहा-बारा वर्षांचे असताना छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारून घरी आले होते. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. पण मामांनी त्यांना गप्प बसवले नाही. चिठ्ठी देऊन मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखली, कपाटे उघडून पक्ष्यांचे नमुने दाखवले. पुढे सेंट झेवियर्स कॉलेजातील येशूसंघीय धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर यांनी या तरुणाचा कल ओळखून त्यांना प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह केला.

सलीम अलींनी हे ऋण फेडले. पुण्यातील चौदा वर्षांच्या माधव गाडगीळ या मुलाने वेडा राघू या पक्ष्याच्या शेपटीची लांब पिसे मधेच नाहीशी का होतात, असे त्यांना पत्राने विचारले. ती गळतात आणि नवी उगवतात, असे उत्तर आले. तो मुलगा पुढे देशातील अग्रगण्य परिसरशास्त्रज्ञ झाला.

या प्रत्येक मुलाच्या वाटेवर एक मोठे माणूस उभे होते. आमच्या पाड्यांवरच्या मुलांना रानभाज्या, खेकड्यांची बिळे, पाखरांचे आवाज उपजत ठाऊक असल्यासारखे असतात. प्रश्नही खूप असतात. पण दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर निघाले की अनेकांची शाळा सुटते. जे दहावीपर्यंत टिकतात, त्यांतले बरेच तारापूरच्या कारखान्यांत कंत्राटी मजूर होतात. कष्टाची भाकर हलकी नाही. पण बारावी विज्ञान, मग बी.एस्सी., अशीही वाट आहे, हे त्यांना कोणी सांगायला हवे.

मी त्या मुलाकडे परत गेलो. आधी माफी मागितली, मग उत्तर सांगितले आणि एक वही दिली: तारीख लिही, घरटी मोज, दिसेल तेच लिही. तीन आठवड्यांनी वहीत पूर्ण घरटी अकरा, अर्धी सहा अशी नोंद होती. खाली नवा प्रश्न होता: सगळी घरटी झाडाच्या एकाच अंगाला का? त्याच्याखाली त्यानेच लिहिले होते, "समुद्राकडून वारापाऊस येतो. ही मागच्या बाजूला आहेत."

जाणकारांचेही हेच म्हणणे आहे. ते त्याला कोणी शिकवले नव्हते. पाहणे, मोजणे, कारण सुचवणे आणि पुन्हा पडताळणे, यालाच विज्ञान म्हणतात.

प्रभूने आपल्याला पाखरांकडे पाहायला सांगितले, ते ही मुले रोज करतात. आपल्या मंडळीत शिक्षक असतील, तारापूरच्या कारखान्यांतील प्रयोगशाळांत काम करणारे असतील, त्यांनी महिन्यातून एक शनिवार आमच्याबरोबर पाड्यावर यावे. उत्तर येत नसेल तरी चालेल. "चल, शोधू या" एवढे म्हणता आले की पुरे. यंदा दिवाळीनंतर त्या मुलाची शाळा सुटू नये, यासाठी प्रार्थना करा.