हरकतीच्या अर्जावरचा मोबाइल नंबर पुढे कुठे जातो?

पश्चिम घाटातल्या पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा केंद्र सरकारने आजवर सहा वेळा काढला. पहिला १० मार्च २०१४ रोजी, सहावा ३१ जुलै २०२४ रोजी. गावांच्या यादीत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा डोंगरपट्टाही आहे. दर मसुद्याला हरकती-सूचनांसाठी ६० दिवस. म्हणजे दर खेपेला नव्याने अर्ज, नव्याने सह्या, नव्याने अंगठे. मसुद्यातल्या अटींवर चावडीपासून विधानसभेपर्यंत बोलून झाले. अर्ज लिहिणाऱ्याने स्वतःबद्दल जी माहिती सरकारच्या हाती दिली, तिचे पुढे काय होते हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

अर्जासोबत काय काय जाते

नाव, गाव, गट नंबर, मोबाइल आणि सही एवढे तर असतेच. त्याला आधारची झेरॉक्स आणि सातबारा जोडला जातो, बहुतेकदा कोणी मागितलेला नसताना. ‘असू द्या जोडलेले, उगाच काम अडायला नको,’ हा सल्ला अर्ज लिहून देणाऱ्याकडून हमखास मिळतो.

सातबारा तसा महाभूलेखवर कोणालाही पाहता येतो, त्यामुळे त्यात गुपित काही नाही असे म्हणता येईल. पण त्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना वाचून पाहा. सोसायटीचा बोजा, बँकेचे कर्ज, बहिणींचे हक्क, कुळाची नोंद असा घरातला अर्धा व्यवहार तिथे उतरलेला असतो. हरकतीला जोडल्यावर तो एका ठरावीक माणसाच्या, एका ठरावीक मताला चिकटतो. आधारचे प्रकरण तर याहून गंभीर. हरकत घेण्यासाठी आधार क्रमांकाची गरजच काय, याचे उत्तर मला तरी सापडलेले नाही.

नाव मात्र टाळता येत नाही. उदाहरणार्थ, २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम १५ खाली प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि हरकतदाराला म्हणणे मांडण्याची संधी देणे जिल्हाधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. अर्ज निनावी असेल, तर सुनावणीची नोटीस बजावायची कोणाला?

कचेरीत कागदाचा प्रवास

अर्ज आवक-जावकला गेला की शिक्का बसतो, आवक नंबर पडतो, पोच मिळते. पुढे टेबलावरचा लिपिक सगळ्या हरकतींचा गोषवारा करतो. त्यात अनुक्रमांक, हरकतदाराचे नाव, गाव, मुद्दा आणि कार्यालयाचा अभिप्राय असे रकाने असतात. घोडेगाव किंवा जुन्नरच्या तहसीलमधून हा तक्ता मंचरच्या प्रांत कार्यालयात, तिथून पुण्याला, गरज पडली तर मंत्रालयात जातो. मूळ अर्ज गठ्ठ्यात राहतो आणि हिंडतो तो तक्ता. त्यामुळे मोबाइल नंबर तक्त्यात उतरवायचा की अर्जावरच ठेवायचा, हा बारीक वाटणारा निर्णय खरा महत्त्वाचा आहे. अभिप्राय देणाऱ्याला किंवा निर्णय घेणाऱ्याला नंबर लागत नाही. तो लागतो फक्त सुनावणीची तारीख कळवणाऱ्याला.

काम संपल्यावर फाईल अभिलेख कक्षात जाते. सरकारी कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायमचा, ड वर्ग साधारण वर्षभराचा. आपली हरकत कोणत्या वर्गात पडली, यावर ती किती वर्षे कपाटात राहणार हे ठरते. स्कॅन केलेल्या प्रती आणि कर्मचाऱ्यांच्या फोनमधले फोटो या वर्गवारीत बसतच नाहीत, हा आजचा नवा प्रश्न.

जनसुनावणीचा हजेरीपट

मोठ्या प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. उपस्थितांची हजेरी घेऊन ती इतिवृत्ताला जोडावी, सुनावणीचे चित्रीकरण करावे आणि इतिवृत्त ग्रामपंचायत, जिल्हा परिषद अशा ठिकाणी लोकांना पाहायला ठेवावे, असे त्या अधिसूचनेतच आहे. हे उघडेपण हवेच. कोणी काय प्रश्न विचारला आणि प्रकल्पवाल्याने काय उत्तर दिले, हे पुढे कोणाला पुसता येऊ नये म्हणून ही तरतूद आहे.

पण दारातल्या टेबलावरच्या कागदावर नाव आणि सहीच्या शेजारी मोबाइलचाही रकाना आखलेला असेल, तर तोही इतिवृत्तासोबत जातो. अधिसूचना हजेरी मागते, फोन नंबर नव्हे. गाव लहान असते. खाणीविरुद्ध किंवा क्रशरविरुद्ध उभा राहिलेला माणूस सगळ्यांना तोंडओळखीने माहीत असतो, त्याचे नाव लपवण्यात अर्थ नाही. त्याचा नंबर ठेकेदाराच्या माणसांच्या हाती आयता देण्यातही अर्थ नाही.

दिल्लीत दोन टोके

लोकांकडून आलेली मते उघडी ठेवायची की झाकायची, याची दोन टोके दिल्लीत दिसली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २७ मार्च २०१५ रोजी इंटरनेटच्या समान वापराबद्दल लोकांची मते मागवली. दहा लाखांहून अधिक ईमेल आले. एप्रिलअखेर ट्रायने ते सगळे संकेतस्थळावर टाकले, पाठवणाऱ्यांच्या नावांसह आणि ईमेल पत्त्यांसह. जाहिराती आणि फसवे मेल पाठवणाऱ्यांना घरबसल्या दहा लाख पत्ते मिळाले. लोक भडकले, आणि त्या गदारोळात संकेतस्थळही काही काळ बंद पडले. हेतू पारदर्शकतेचा होता. मते छापण्यात चूक नव्हती, पत्ते पुसण्याचे कष्ट घेतले नाहीत ही चूक.

दुसरे टोक जानेवारी २०२५ मधले. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध करताना केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सांगितले की, आलेले अभिप्राय विश्वासाने जपले जातील आणि कोणालाही दाखवले जाणार नाहीत. मोकळेपणाने लिहिता यावे, हे कारण. सामान्य माणसाला यात संरक्षण आहे, हे खरे. पण त्याच पडद्याआड मोठ्या कंपन्यांनी नियमांत काय बदल सुचवले, तेही झाकले जाते. माझ्या मते नाव आणि मत उघड, संपर्क मात्र झाकलेला, हाच रस्ता बरा. धमकीची भीती असेल तिथे नावही झाकण्याची सोय असावी.

कायदा कुठवर पोचतो

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण माहिती सांभाळण्याच्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू आहे. चावडीवर दिलेला कागदी अर्ज त्याच्या बाहेर राहतो आणि स्कॅन झाला की आत येतो. कायद्याने नेमून दिलेले काम करताना सरकारला तुमची संमती घ्यावी लागत नाही. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र सरकारी खात्यावरही आहे, केंद्राने एखाद्या यंत्रणेला खास सूट दिली नसेल तर.

याच कायद्याने माहिती अधिकारातले कलम ८(१)(ञ) बदलले, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासूनच अमलात आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होते, हे दाखवावे लागे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे कारण पुरते. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची वाट कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर. हरकतींचा तक्ता मागणाऱ्या गावकऱ्याला सरसकट नकार मिळण्याची शक्यता त्यामुळे वाढली. अशा वेळी कलम १० दाखवावे. नंबर आणि पत्ते काळे करून उरलेला कागद देता येतो, असे तिथे स्पष्ट आहे.

अर्ज देण्यापूर्वी

जाहिरातीत किंवा नोटिशीत मागितले असेल तेवढेच जोडा. ओळखीचा पुरावा मागितलाच, तर आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या. ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवता येते. झेरॉक्सवर ‘फक्त अमुक हरकतीसाठी’ असे लिहून तारीख घाला. मोबाइल नंबर अर्जाच्या मजकुरात न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर, ‘सुनावणीच्या सूचनेपुरता’ असे लिहून जोडा. ग्रामसभेच्या ठरावाला सह्यांची यादी लावताना नंबरचा रकाना आखूच नका. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.